लाल रेघ

शालिमारच्या मागच्या बोळात, चोरडियाशेठच्या दुकानात
दिवसभर मी लग्नपत्रिका लावते.
गणपती वर, केळीचे खुंट दोन्हीकडे,
तळाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं’.
साडेआठला शेठ गल्ला मोजून जातात.
शटर अर्धं ओढून मी दुसरी फाइल उघडते:
कांदा चोरणारा कावळा. चित्रं बारा, पानं बारा.

कावळ्याने चाळीतून कांदा पळवला,
चोच मारली, डोळे झोंबले,
तो रडायला लागला आणि अख्ख्या गावाला वाटलं
बिचाऱ्याला पस्तावा झाला.
एवढीच गोष्ट.
मुल्हेरच्या पलीकडच्या शाळेसाठी ती अहिराणीत करायची,
आणि टाइप झाली की मोबाइल तोंडाशी धरून
मीच वाचायची.

मी लिहिते: कावया.
संगणक खाली लाल रेघ ओढतो.
डोया. लाल रेघ.
काया. लाल रेघ.
जरा नजर हलली की हळूच दुरुस्तही करतो.
कावयाचं काय केलं होतं परवा?
कव्हर.
पानभर रेघा,
बाईंकडून तपासून आलेल्या वहीसारख्या.

ती वही मला माहीत आहे.
सटाण्याहून आम्ही इथे आलो तेव्हा मी दुसरीत होते.
पंचवटीतल्या शाळेत हात वर करून म्हणाले,
बाई, माले पानी पेवानं से.
वर्ग हसला.
बाईही हसल्या. वाईट नव्हत्या, हसूच आलं त्यांना.
मी खाली बसले.
महिन्याभरात ‘मला’ म्हणायला शिकले,
घरीसुद्धा, आईशीसुद्धा.

शेठनी एकदा विचारलं, ह्याचे मिळतात किती?
फॉर्मवर किमतीचा रकाना रिकामा सोडता येत नाही,
तिथे मी शून्य लिहिते, ते दाखवलं.
पत्रिकेचे शेकडा साडेआठशे, शेठ म्हणाले,
आणि वीज कुणाची?
तरी दुसऱ्या दिवसापासून
जाताना राउटर बंद करायचं विसरायला लागले.

निंबा मास्तर पाण्याच्या टाकीवर चढतात,
रेंज तिथेच येते.
उतरतात तेव्हा खिशात कावळा असतो.
मग त्या फोनवरून ह्या फोनवर,
कांदे काढून संध्याकाळी घरी परतणाऱ्या
प्रत्येक फोनवर.
आवाज बारीक येतो म्हणून पोरं फोन पातेल्यात ठेवतात
आणि डोकी पातेल्यावर,
आत काही शिजत असल्यासारखी.

सोमवारी मास्तरांनी एक आवाज पाठवला.
हर्षदा कापडणीस, तिसरी, नाक ओढत:
बाई, कावया ‘रडत आहे’ असं कोनी बोलत नही.
कावया रडी ऱ्हायना.
मागे कुणीतरी खिदळलं. मग एक बकरी.
मग संपलं.

तीनदा ऐकलं.
खिदळणं माझ्यावर होतं की बकरीवर, तेवढ्यासाठी.
बकरीवरच असावं.

मग बसले. रडी ऱ्हायना. लाल रेघ.
माउसचं उजवं बटण दाबलं की यादी उघडते,
तळाला बारीक अक्षरात: शब्दकोशात घाला.
इतकी वर्षं पत्रिका लावतेय, कधी दाबलं नव्हतं.
घातला. रेघ गेली.
डोया घातला, काया घातला, कावया घातला,
ऱ्हायना, व्हता, तठे.
बाहेर अंडाबुर्जीची गाडी आवरली,
तवा खरवडल्याचा आवाज आला.
गोष्टीत नव्हता, तरी शेवटी टाइप केला:
माले.
रेघ उमटली. थोडा वेळ तशीच राहू दिली.
मग घातला.

उद्या दहाला गायखेंच्या पत्रिकेचं प्रूफ द्यायचंय,
मुहूर्ताची वेळ चुकलीय त्यात, आत्याचं नावही.
बाटली रिकामी होती.
शेठच्या माठातून तांब्या भरून घेतला
आणि उभ्यानेच प्यायले.